फुसका बार

दिवाळीत ज्याच्या घरी मुले आहेत, त्याला फुसका बार म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. वात सुरसुरत जाते, मुले कानांवर हात ठेवून मागे सरतात, शेजारचे कुत्रे ओट्याखाली दडते, आणि मग काहीच होत नाही. घरातले वडीलधारे ओरडतात, "जवळ जाऊ नका रे!" तेव्हा मुले लांबूनच पंचायत भरवतात. एक म्हणतो, वात दमट होती. दुसरा म्हणतो, दारू सादळली होती. तिसरा म्हणतो, कवच फाटले होते, सगळा जोर बाजूने निघून गेला. गंमत अशी, की मोटारीच्या इंजिनाचा ठोका चुकू लागला म्हणजे मोठमोठे इंजिनिअर जी पंचायत भरवतात, तिच्यातही याहून फारसे निराळे काही बोलले जात नाही.

कारण पेट्रोलचे इंजिन म्हणजे तरी दुसरे काय? लोखंडी नळकांड्यांत, शिस्तीने, एकामागून एक उडवलेले बार! दट्ट्या खाली येताना हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढतो, वर जाताना ती दाबतो. नेमक्या त्या क्षणी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते, बार उडतो आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो धूर बाहेर लोटतो. आठ सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर असे बार सेकंदाला दोनशे होतात. या दोनशेंत वरचेवर एखादा फुसका निघू लागला, की गाडी गचके खाते. आपल्याकडचे मिस्त्री अशा वेळी म्हणतात, "गाडी मिसिंग मारतेय." शब्द परका खरा, पण आता तो आपल्या गॅरेजांत इतका रुळला आहे, की त्याला परका म्हणण्याची सोय राहिली नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, धंदा मास्तरकीचा आणि व्यसन कादंबऱ्या लिहिण्याचे. तेव्हा इंजिनाच्या भानगडीत मी का पडावे, असे कोणी विचारील. पण कादंबरीकाराला कारणे शोधण्याची खोड असते. एखादे माणूस भरल्या घरातून उठून का गेले, हे शोधणे आणि चांगले चालणारे इंजिन चढावर अचानक का अडखळले, हे शोधणे, यांत मला तरी मोठे अंतर दिसत नाही. दोन्हीकडे लक्षण एक असते, संशयित पुष्कळ असतात, आणि जो सर्वांत जास्त आवाज करतो तो बहुधा निर्दोष असतो. शिवाय या चुकलेल्या ठोक्याला मोठा इतिहास आहे. त्यात एक माहेरवाशीण आहे, एक विमानांची वैद्यीण आहे, आणि अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणारा एक प्राध्यापकही आहे.

प्रथम ठिणगीची गोष्ट. १८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लन्वार याने वायूवर चालणारे इंजिन केले आणि आतला वायू पेटवायला विजेची ठिणगी वापरली. पण विजेवर त्या काळी लोकांचा विश्वास बसेना. पुढे १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटो याने चार फेरांचे इंजिन सिद्ध केले. आजची पेट्रोलची इंजिने त्याचीच वंशज; पण ओटोने मात्र ठिणगी नाकारली. त्याच्या इंजिनात बाहेर एक ज्योत सतत तेवत ठेवलेली असे, आणि सरकत्या झडपेतून योग्य क्षणी तिची आतल्या वायूशी गाठ घालून देत. कारखान्यात एका जागी बसलेल्या इंजिनाला हे ठीक होते. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत समई तेवत ठेवायची कशी? म्हणून कार्ल बेन्झने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले तेव्हा तो पुन्हा विजेच्या ठिणगीकडेच वळला.

दोन वर्षांनी, १८८८ च्या ऑगस्टमध्ये, त्याची पत्नी बर्था हिने नवऱ्याला न सांगता ती गाडी बाहेर काढली, युगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेतले आणि मानहाइमहून ती फोर्झहाइमला, म्हणजे आपल्या माहेरी, निघाली. अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास. इतक्या लांब मोटारीने तोवर कोणी गेलेच नव्हते. वाटेत इंधन संपले तेव्हा तिने वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून, डाग काढण्यासाठी विकत असत ते द्रव्य घेऊन गाडीत ओतले. पुढे इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तेव्हा मोजे बांधायचा पट्टा सोडून तिने तो तारेभोवती गुंडाळला. इतिहासकार या प्रवासाला पहिली मोठी मोटारसफर म्हणतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. इंजिन बंद पडल्यावर बर्थाबाई रस्त्यात कपाळाला हात लावून बसल्या नाहीत, की दिसेल तो स्क्रूही त्यांनी पिळला नाही. इंधन पोचत नाही की ठिणगी पोचत नाही, एवढे त्यांनी आधी ठरवले आणि मग हात घातला. पुढे जगभरच्या मिस्त्र्यांनी जे शास्त्र केले, त्याची मुळाक्षरे या माहेरच्या वाटेवर गिरवली गेली.

त्या मुळाक्षरांत अक्षरे चारच आहेत: हवा, इंधन, ठिणगी आणि दाब. हवा योग्य प्रमाणात हवी, इंधन त्याच प्रमाणात हवे, ठिणगी वेळेवर आणि जोरकस हवी, आणि दट्ट्याने दाबलेला वायू झडपांतून वा कड्यांतून निसटता कामा नये. मुलांच्या पंचायतीतली वात म्हणजे ठिणगी, दारू म्हणजे इंधन आणि फाटके कवच म्हणजे निसटलेला दाब. चुकलेला ठोका या चारांपैकी कोणाच्या तरी दारात जाऊन उभा राहतोच.

१९०२ साली बॉशच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो आणि त्याला जोडीचा प्लग तयार केला, तेव्हा ठिणगी भरवशाची झाली. पण सिलिंडर एकाचे चार झाले आणि नवा प्रश्न आला. गाडी अडखळते आहे हे कळते, पण चारांपैकी चुकतो कोण?

हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीने याला फार सुरेख उत्तर दिले. ही गाडी १९०८ मध्ये निघाली आणि १९२७ पर्यंत दीड कोटींवर खपली. तिच्यात चालकासमोर एक लाकडी पेटी असे आणि तिच्यात चार सिलिंडरांची चार कॉइले. प्रत्येक कॉइलवर पोलादाची एक पट्टी मधमाशीसारखी गुणगुणत थरथरे. इंजिन अडखळले, की पेटीचे झाकण काढून या पट्ट्या बोटाने दाबून धरायच्या. पट्टी दाबली, की त्या सिलिंडरची ठिणगी बंद. दाबल्यावर इंजिनाचा आवाज आणखी बिघडला, तर तो सिलिंडर बिचारा इमानाने काम करीत होता. आणि दाबूनही आवाजात काही फरक पडला नाही, तर चोर सापडला!

हे वाचताना मला आमच्या शाळेतली प्रार्थना आठवते. चार मुले पुढे उभी राहून गातात. त्यांतला एक नुसते ओठ हलवतो. तो कोण, हे तोंडाकडे पाहून कळत नाही, कारण ओठ तोच सर्वांत झोकात हलवतो. पण एकेकाला क्षणभर थांबायला सांगा. ज्याच्या थांबण्याने सुरात काही उणे होत नाही, तोच तो. आपल्याकडच्या जुन्या पेट्रोलच्या जीपगाड्यांवर हात बसलेले मिस्त्री प्लगची टोपी एकेक करून उचलतात आणि कान देऊन ऐकतात, ते हेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते पाहायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, की गाडी एखादे वेळी सुरू होते, पण ज्ञान हाती लागत नाही.

याच मॉडेल टीच्या पाठीवर फोर्डने १९२५ साली मालाचा छोटा उघडा हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. कारखान्यातून तयार निघणाऱ्या पिकअप ट्रकांची ती सुरुवात. शेतकऱ्याने धान्य, दुधाची पिंपे, डुकराची पिले असे काहीही घालावे आणि बाजाराला जावे. त्या गरीब वाहनाच्या वंशात पुढे शर्यतीचे घोडे जन्माला यायचे होते. त्यासाठी मात्र इंजिनाला भाता जोडावा लागला.

भाता हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. अमेरिकेत इंडियाना प्रांतातील कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीसाठी पाण्याच्या जोरावर फिरणारे यंत्र करता करता त्यांच्या हाती हवा फेकणारे यंत्र लागले. १८६० साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. एका पेटीत आठाच्या आकड्यासारखे दोन लाटे एकमेकांत गुंतून उलटसुलट फिरतात आणि या बाजूची हवा त्या बाजूला लोटतात. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांना हा भाता फार मानवला. पुढे १८८५ साली गॉटलीब डाइम्लरने इंजिनात पंपाने जादा हवा कोंबण्याचे पेटंट घेतले, आणि १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीझने भाता लावलेल्या मोटारी मांडल्या. जादा हवा आली म्हणजे जादा पेट्रोल जाळता येते. जादा पेट्रोल जळले म्हणजे तेवढ्याच इंजिनातून जादा ताकद मिळते. यालाच सुपरचार्जर म्हणतात.

ताकद फुकट मिळत नसते. तिची किंमत कोठे मोजावी लागते, हे फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ सालीच सांगून ठेवले होते. दोन टोकांमधल्या वायूतून ठिणगी उडवायला किती व्होल्ट लागतील, हे वायूचा दाब आणि टोकांमधली फट यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ असा, की प्लगची फट तेवढीच ठेवून आतला दाब वाढवला, तर ठिणगीला उडी मारायला अधिक जोर लागतो. भाता लावला की दाब वाढतो. काल ज्या ठिणगीने काम भागत होते, ती आज अपुरी पडते.

मिस्त्री लोक म्हणतात, हवेच्या जोराने ठिणगी विझते. म्हणायला ठीक आहे. पण पुष्कळदा घडते ते निराळे. समोरची उडी अवघड झाली, की वीज दुसरी सोपी वाट शोधते. प्लगच्या चिनी मातीला केसाएवढी चीर असेल, रबरी टोपीत ओल असेल, तारेचे आवरण जुने झाले असेल, तर ती तिथून पळ काढते. ती चीर, ती ओल, ते आवरण कालही तसेच होते. काल त्यांची परीक्षा झाली नव्हती, एवढेच. भाता पुष्कळदा नवा दोष निर्माण करीत नाही. होता तो उघडा पाडतो. माणसाच्या बाबतीतही बढती आणि श्रीमंती हेच काम करतात, हे कादंबरीकाराला सांगायला नको.

भाता लावलेल्या इंजिनाचा ठोका चुकणे हा जीवनमरणाचा प्रश्न झाला तो १९४० साली, इंग्लंडच्या आकाशात. स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते: बारा सिलिंडर, सत्तावीस लिटर आणि सुपरचार्जर. इंजिन उत्तमच, पण त्यात एक खोड होती. वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली दाबले, की इंजिन खोकायचे आणि क्षणभर गप्प व्हायचे. शत्रूच्या मेसरश्मिट विमानांत पेट्रोल पंपाने थेट सिलिंडरात फवारत असत. त्यामुळे ते वैमानिक खुशाल सरळ बुडी मारून निसटत. इंग्रज वैमानिकाला त्यांच्या मागे जायचे तर आधी विमान उलटे करावे लागे. त्यात जाणारे क्षण कधी शिकार घालवीत, तर कधी जीव.

मर्लिनच्या निर्मात्यांनी पेट्रोल फवारण्याऐवजी कार्ब्युरेटर ठेवला होता, तो अडाणीपणाने नव्हे. पेट्रोल सुपरचार्जरच्या आधी हवेत मिसळले, की त्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड होते, आक्रसते आणि इंजिनात जास्त मावते. त्यातून ताकद वाढते. पण कार्ब्युरेटरात पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा असतो. नाक एकदम खाली गेले, की सारे पेट्रोल उसळून वरच्या बाजूला जाई आणि इंजिन प्रथम उपाशी राही. तो उपास क्षणाचा. खरे संकट त्यानंतर. गोंधळलेल्या गोळ्यामुळे पेट्रोलची वाट सताड उघडी पडे, पंप आपला पेट्रोल लोटतच राही, आणि इंजिन अतिभोजनाने गुदमरून काळा धूर ओके. लक्षण एकच, इंजिन बंद पडणे. पण त्यामागे एकापाठोपाठ दोन कारणे, तीही एकमेकांच्या उलट!

हे कोडे फार्नबरो येथील सरकारी विमानसंशोधन केंद्रात बीट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंच्या टेबलावर आले. बाई मोटारसायकलच्या शर्यतीत नाव मिळवलेल्या. १९३४ साली ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर त्यांनी ताशी १०६ मैलांचा फेरा मारला होता. इंजिन कशाने गुदमरते हे त्यांना पुस्तकातून आणि बुडाखालून, दोन्हीकडून ठाऊक होते. त्यांनी विचार असा केला: नवा कार्ब्युरेटर तयार व्हायला काळ जाईल, आणि युद्ध तर आज चालले आहे. उपासाचा क्षण सोसता येईल. अतिभोजन थांबवले पाहिजे. इंजिन पूर्ण जोरात असताना जेवढे पेट्रोल लागते, तेवढेच जाईल अशा मापाचे छिद्र असलेला पितळेचा छोटासा तुकडा त्यांनी पेट्रोलच्या वाटेत बसवला. पुढे तो साध्या चकतीच्या रूपात आला. विमान कामातून बाहेर न काढता तो बसवता येत असे. १९४१ च्या आरंभी बाई लहानशी तुकडी घेऊन विमानतळांमागून विमानतळ फिरल्या आणि मार्चपर्यंत लढाऊ विमानांवर तो बसला. वैमानिकांनी त्याला त्यांचेच नाव दिले, आणि विवाह होऊन काही वर्षे झाली असूनही त्या नावात त्या 'मिस शिलिंग'च राहिल्या. दोष मुळातून गेला नव्हता. तो जायला १९४३ सालचे नवे कार्ब्युरेटर यावे लागले. पण दोन कारणे वेगळी करून त्यांतले घातक कोणते हे ओळखल्यामुळे, एवढ्याशा पितळेने तोवर जीव राखले.

युद्ध संपले. आता पुढची गोष्ट कॅलिफोर्नियात घडते. लॉस एंजलिस शहरावर त्या काळी दिवसादिवसांचे तपकिरी मळभ धरू लागले होते. डोळे चुरचुरत, भाजीची पाने करपत. तेथील आरी हागेन-स्मित हे डच वंशाचे प्राध्यापक अननसाच्या स्वादाचे रसायन शोधीत होते. वासाचे कण पकडण्याची त्यांची हातोटी पाहून त्यांना या मळभाचे कारण शोधायला सांगितले गेले. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी दाखवून दिले, की न जळलेले पेट्रोल आणि धुरातले नायट्रोजनचे वायू यांच्यावर ऊन पडून हे विष तयार होते. म्हणजे इंजिनातला फुसका बार ही त्या गाडीच्या मालकाची खासगी अडचण राहिली नाही. न जळता बाहेर पडलेला पेट्रोलचा प्रत्येक घोट शेजाऱ्याच्या छातीत जात होता. १९६७ साली कॅलिफोर्नियाने हवेच्या शुद्धीसाठी मंडळ नेमले आणि हागेन-स्मित त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

१९७५ पासून अमेरिकेतील मोटारींच्या धुराच्या नळीत विषारी वायू निवळणारे यंत्र बसू लागले. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. फुसक्या बाराचे कच्चे पेट्रोल या तापलेल्या जाळीवर गेले, की तिथेच पेट घेते आणि जाळी वितळून जाते. तेव्हा कायद्याने सांगितले, की गाडीने आपला चुकलेला ठोका आपणच ओळखावा. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारी आणि हलक्या ट्रकांना ही व्यवस्था सक्तीची झाली. तशी व्यवस्था आणि तिचा पिवळा दिवा आता आपल्याकडच्या नव्या मोटारींतही आला आहे.

गाडीला हे कळते कसे? त्यातही युक्ती जुनीच. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर दातेरी चक्र असते आणि त्याचे दात एका चुंबकासमोरून जातात. प्रत्येक बाराबरोबर दांड्याला धक्का बसून त्याचा वेग अगदी किंचित वाढतो. धक्का बसला नाही, की पुढचा दात यायला उशीर होतो. गाडीतला संगणक हा उशीर मोजतो आणि कोणाच्या पाळीला तो झाला हे पाहून सिलिंडरचा नंबर टिपतो. चौथा चुकला तर पी ०३०४. अनेक जण बेभरवशाने चुकत असतील तर पी ०३००. रस्ता खडबडीत असला तर चाकांचे हादरे दांड्यापर्यंत पोचतात आणि संगणकाला इंजिनच अडखळल्याचा भास होऊ शकतो. एवढी हुशारी, पण खड्डा आणि खोट यांत तिचीही फसगत होते, हे वाचून मला उगाचच बरे वाटले.

ही सगळी परंपरा एकत्र आली ती फोर्डच्या एका पिकअपमध्ये. नाव एफ-१५० लाइटनिंग, म्हणजे वीज. १९९९ ते २००४ या वर्षांत निघालेल्या या ट्रकात ५.४ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन होते आणि त्याच्या डोक्यावर रूट्स बंधूंच्या भात्याचा पणतू बसवलेला होता. आधी ३६० आणि २००१ पासून ३८० अश्वशक्ती! बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस इंचाला पावणेपंधरा पौंडांच्या आसपास असतो. भाता त्यावर आणखी सुमारे आठ पौंड चढवी. डुकराची पिले बाजाराला नेणाऱ्या ट्रकाचा वंशज आता शर्यतीच्या मोटारींशी स्पर्धा करू लागला.

समजा, असा एक ट्रक अडखळत गॅरेजात आला. तक्रार नेहमीची: उभा असताना शांत, सपाटीवर शांत, पण चढावर पाय दाबला की गचके. संगणकाने पी ०३०४ लिहून ठेवले आहे. घाईचा मिस्त्री म्हणेल, चौथे कॉइल गेले, आठही बदलू, मालकाला सांगा एवढे डॉलर. पण संगणक कॉइल वाईट आहे असे म्हणालाच नव्हता. चौथा बार फुसका निघाला, एवढीच त्याची साक्ष. लक्षणाला कारण समजणे हा या धंद्यातला सर्वांत महागडा गैरसमज आहे, आणि त्याचे पैसे नेहमी मालकाच्या खिशातून जातात.

जाणता मिस्त्री चौथ्याचे कॉइल काढून दुसऱ्यावर बसवतो, दुसऱ्याचे चौथ्यावर, आणि त्याच चढावर गाडी नेतो. आता पी ०३०२ आले, तर दोष कॉइलबरोबर चालत गेला. पी ०३०४ च राहिले, तर कॉइल निर्दोष सुटले. मग प्लग. या इंजिनात प्लग खोल विहिरीत बसलेले. मागच्या सिलिंडरांपर्यंत हात पोचणे कठीण. इंजिन धुताना पाणी गेले किंवा वरून पाण्याची नळी पाझरली, की विहिरीत ते साचते, आणि दाब वाढताच वीज त्या ओलीतून पळते. प्लग बाहेर काढला की तो जबानी देतो: कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी नाही, तेलकट असेल तर आतली कडी झिजलेली, पांढराफटक भाजलेला असेल तर पेट्रोल कमी. चिनी मातीवर बारीक काळी रेघ दिसली तर वीज पळाली ती वाट हीच. फट झिजून वाढली असेल तर नवा प्लग किंचित कमी फटीचा. इथे पाशेनसाहेब स्वतः हजर असतात. या इंजिनाच्या त्या काळच्या घडणीत प्लग धरणारे आटे फार थोडे होते, त्यामुळे प्लग सैल होऊन उडाल्याच्या तक्रारीही गाजल्या. म्हणून तो किती घट्ट बसला आहे हेही पाहावे लागते.

एवढे करून चौथा बार फुसकाच राहिला, तर इंधन फवारणारी चंची, आणि शेवटी दाब मोजणारे घड्याळ लावून झडपा आणि कड्या. आणि एकटा चौथा नव्हे, सगळेच बेभरवशाने चुकत असतील, तर ते सामाईक कारण शोधायचे. भाता दुप्पट जेवायला सांगतो आणि थकलेला पंप तेवढे पुरवू शकत नाही. उभ्या गाडीत पेट्रोलचा दाब उत्तम दिसतो. तो चढावर, पाय दाबलेला असतानाच पाहिला पाहिजे. म्हणून जाणते लोक दाबाच्या घड्याळाची लांब नळी बाहेर काढून ते समोरच्या काचेवर चिकटवतात आणि गाडी चालवीत पाहतात. मर्लिनचा उपास आणि या पिकअपचा उपास, यांत साठ वर्षांचे अंतर आहे. पोटाचे दुखणे तेच.

वाचकहो, या साऱ्यात नवे काय आणि जुने काय? चुंबक नवा, संगणक नवा, आकड्यांची सांकेतिक भाषा नवी. पण कॉइलांची अदलाबदल करणारा आजचा मिस्त्री आणि लाकडी पेटीतली थरथरती पट्टी बोटाने दाबणारा शंभर वर्षांपूर्वीचा शेतकरी यांचा प्रश्न एकच आहे: हे एवढेच बदलले, तर काय बदलते? जिथे हा प्रश्न धीराने विचारला गेला तिथे माणूस माहेरी पोचला, विमान परत आले, शहराच्या छातीवरचे मळभ विरळ झाले. जिथे तो विचारला गेला नाही, तिथे नुसते सुटे भाग बदलले गेले.

२०२२ साली फोर्डने लाइटनिंग हे नाव पुन्हा काढले, ते विजेवर चालणाऱ्या पिकअपला. त्यात प्लग नाही, कॉइल नाही, सिलिंडरच नाहीत. चुकायला ठोकाच शिल्लक ठेवलेला नाही. ठिणगीच्या इंजिनाची सद्दी अशीच हळूहळू संपेल, आणि "मिसिंग मारतेय" हा शब्द कोशातल्या एखाद्या ओळीत जाऊन बसेल. पण त्या नव्या गाड्याही केव्हातरी रस्त्यात थांबतील, आणि घाईची माणसे सगळेच एकदम बदलायला धावतील. तेव्हा गर्दीत एक जण तरी असा निघावा, जो आधी एकच तार सोडवील आणि कान देऊन उभा राहील.